थाई सैन्यातील एचआयव्ही प्रतिबंध शिक्षण

थाई सैन्यातील एचआयव्ही प्रतिबंध शिक्षण म्हणजे थायलंडच्या भूदलात (रॉयल थाई आर्मी) सक्तीच्या सेवेसाठी दाखल होणाऱ्या तरुणांना एचआयव्ही आणि इतर लैंगिक संसर्गजन्य आजारांपासून स्वतःचा व जोडीदाराचा बचाव कसा करावा, हे शिकविण्याचे कार्य होय. १९८०च्या दशकाच्या अखेरीस थायलंडमध्ये एचआयव्हीची साथ वेगाने पसरली. त्या काळात दरवर्षी सैन्यात येणारे सुमारे २१ वर्षे वयाचे हजारो तरुण हे साथीचे मोजमाप करण्याचे साधन ठरले आणि प्रतिबंधाच्या शिक्षणाचे महत्त्वाचे केंद्रही ठरले.

या नवसैनिकांची भरतीच्या वेळी होणारी रक्ततपासणी १९८९ मध्ये सुरू झाली. तिच्या नोंदींमुळे देशातील तरुण पुरुषांमध्ये साथ कशी चढली आणि कशी उतरली, याचे सलग चित्र उपलब्ध झाले. १९९३ मध्ये उत्तर थायलंडमध्ये भरती झालेल्या जवानांवर प्रतिबंध शिक्षणाची एक नियंत्रित चाचणी घेण्यात आली. तिच्या निष्कर्षांमुळे हे प्रकरण सार्वजनिक आरोग्य आणि लष्करी वैद्यक या दोन्ही क्षेत्रांत अभ्यासाचा विषय बनले.

पार्श्वभूमी

सक्तीची लष्करी सेवा

थायलंडमधील लष्करी सेवा १९५४च्या कायद्यानुसार चालते. ज्या वर्षी पुरुषाला २१वे वर्ष पूर्ण होते, त्या वर्षी त्याला भरतीसाठी हजर व्हावे लागते. भरतीची प्रक्रिया साधारणपणे एप्रिल महिन्यात पार पडते. स्वेच्छेने दाखल होणाऱ्यांची संख्या अपुरी पडल्यास उरलेल्या जागांसाठी सोडत काढली जाते. प्रत्येक तरुण भांड्यात हात घालून एक चिठ्ठी उचलतो. लाल चिठ्ठी आल्यास त्याला सेवेत जावे लागते आणि काळी आल्यास त्याची सुटका होते. निवडलेल्यांना मे आणि नोव्हेंबर अशा दोन तुकड्यांमध्ये दाखल करून घेतले जाते. सेवेचा पूर्ण कालावधी दोन वर्षांचा असतो. शिक्षण आणि स्वेच्छाभरती यांनुसार तो कमी होऊ शकतो.

उच्च माध्यमिक स्तरावर तीन वर्षांचे प्रादेशिक संरक्षण प्रशिक्षण पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना या सोडतीतून सूट मिळते. परिणामी प्रत्यक्ष सेवेत जाणाऱ्यांमध्ये शाळा लवकर सोडलेले, ग्रामीण, शेतकरी आणि मजूर कुटुंबांतील तरुण तुलनेने अधिक असतात. या मर्यादेसह, देशाच्या सर्व भागांतून चिठ्ठी टाकून निवडले गेलेले एकाच वयाचे तरुण दर सहा महिन्यांनी एकत्र येणे ही साथरोगशास्त्राच्या दृष्टीने दुर्मीळ गोष्ट होती.

साथीचा प्रसार

थायलंडमध्ये एड्सचा पहिला रुग्ण १९८४ मध्ये आढळला. सुरुवातीची काही वर्षे हा आजार परदेशी लोकांशी किंवा मोजक्या व्यक्तींशी संबंधित असल्याचा समज होता. १९८८ मध्ये बँकॉकमधील शिरेतून अमली पदार्थ टोचून घेणाऱ्या व्यक्तींमध्ये संसर्गाचे प्रमाण अवघ्या काही महिन्यांत सुमारे एक टक्क्यावरून ३० टक्क्यांच्या वर गेले. जून १९८९ मध्ये सरकारने १४ प्रांतांत निवडक गटांची रक्ततपासणी सुरू केली. त्या पहिल्याच फेरीत चियांग माई येथील कुंटणखान्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी ४४ टक्के स्त्रिया एचआयव्हीबाधित आढळल्या. या आकड्यामुळे साथ सर्वसाधारण लोकसंख्येच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचल्याचे स्पष्ट झाले.

देहविक्रय थायलंडमध्ये कायद्याने निषिद्ध असला तरी प्रत्यक्षात तो सर्वत्र चालत असे. विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत तरुणाने मित्रांबरोबर कुंटणखान्यात जाणे हा वयात येण्याचा एक टप्पा मानला जाई. या पहिल्या भेटीसाठी थाई भाषेत ‘खुएन खरू’ असा शब्दप्रयोग आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘गुरूपाशी जाणे’ असा होतो. अशा भेटी बहुधा मद्यपानानंतर आणि समूहाने होत. त्यामुळे एखाद्या तरुणाला एकट्याने नकार देणे किंवा कंडोमचा आग्रह धरणे अवघड जाई. पुढे सैन्यातील शिक्षणाची आखणी करताना हा सामाजिक संदर्भ महत्त्वाचा ठरला.

भरतीच्या वेळची रक्ततपासणी

नोव्हेंबर १९८९ पासून थाई भूदलाने प्रत्येक नव्या तुकडीची एचआयव्हीसाठी तपासणी सुरू केली. तपासणी सोडतीनंतर होत असल्याने तिच्या निकालाचा निवडीवर परिणाम होत नसे. म्हणूनच हे आकडे त्या वयाच्या पुरुषांची खरी स्थिती बऱ्याच अंशी दाखवत. बँकॉक येथील सशस्त्र सेना वैद्यकीय विज्ञान संशोधन संस्था ही थाई आणि अमेरिकी लष्करांच्या सहकार्यातून चालणारी संस्था या कामात सहभागी होती.

पहिल्या तुकडीत बाधितांचे प्रमाण ०.५ टक्के होते. त्यानंतर ते सतत वाढत गेले आणि १९९३ मध्ये जवळजवळ ४ टक्क्यांवर पोहोचले. प्रांतनिहाय फरक मोठे होते. चियांग माई, चियांग राय आणि फयाव या उत्तरेकडील प्रांतांचा समावेश असलेल्या प्रदेशातील काही तुकड्यांत दर दहा तरुणांमागे एकाहून अधिक तरुण बाधित आढळत होते. प्रसार मुख्यतः स्त्री-पुरुष संबंधांतून होत होता.

या आकड्यांचा अर्थ लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. भरतीच्या दिवशी आढळणारा संसर्ग हा तरुणाला सैन्यात येण्यापूर्वी झालेला असतो. त्यामुळे हे प्रमाण गावातील व शहरातील परिस्थिती सांगते. सैन्यातील शिक्षणाचा परिणाम मोजायचा असेल, तर भरतीच्या वेळी बाधित नसलेल्या जवानांपैकी किती जणांना सेवाकाळात नव्याने संसर्ग झाला, हे पाहावे लागते. पहिल्या मापनाला ‘प्रचलन दर’ आणि दुसऱ्याला ‘नवसंसर्ग दर’ असे म्हणतात. थाई सैन्याच्या बाबतीत दोन्ही प्रकारची मोजमापे उपलब्ध आहेत.

राष्ट्रीय कार्यक्रम

शंभर टक्के कंडोम कार्यक्रम

१९८९ मध्ये राचबुरी प्रांतात डॉ. विवत रोजनपित्यकोर्न यांच्या पुढाकाराने एक प्रयोग सुरू झाला. प्रांतातील सर्व कुंटणखान्यांनी कंडोमशिवाय ग्राहक स्वीकारू नये, असा नियम करण्यात आला. काही मोजक्या ठिकाणीच नियम लागू केला असता, तर कंडोम नाकारणारा ग्राहक शेजारच्या ठिकाणी गेला असता आणि नियम पाळणाऱ्या स्त्रीचे उत्पन्न बुडाले असते. नियम सर्वांना एकाच वेळी लागू केल्याने ही पळवाट बंद झाली.

अंमलबजावणीची पद्धत साधी होती. एखादा पुरुष लैंगिक संसर्गजन्य आजार घेऊन सरकारी दवाखान्यात आला की त्याला तो कोणत्या ठिकाणी गेला होता, हे विचारले जाई. मग त्या ठिकाणाच्या चालकाला ताकीद दिली जाई. नियम मोडणे चालूच राहिल्यास ते ठिकाण बंद करण्याची कारवाई होई. आरोग्य खाते, प्रांताधिकारी आणि पोलीस अशा तिघांच्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हते. १९९१ मध्ये हा कार्यक्रम देशव्यापी करण्याचा निर्णय झाला. सरकार दरवर्षी सुमारे ६ कोटी कंडोम मोफत पुरवू लागले.

राजकीय पाठबळ

१९९१ मध्ये पंतप्रधान झालेले आनंद पन्यारचुन यांनी राष्ट्रीय एड्स समितीचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. कुटुंबनियोजनाच्या प्रचारामुळे ‘मिस्टर कंडोम’ या नावाने ओळखले जाणारे मीचाय विरवैद्य यांनी मंत्री या नात्याने जनजागृतीची मोहीम चालविली. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवर एड्सविषयीचे संदेश ठरावीक अंतराने प्रसारित करणे बंधनकारक झाले. या कामी लष्कराचा वाटा महत्त्वाचा होता, कारण देशातील अनेक नभोवाणी केंद्रे आणि एक दूरचित्रवाणी वाहिनी भूदलाच्या मालकीची होती. एड्सच्या रुग्णांची नावे कळविण्याची सक्तीही याच सुमारास मागे घेण्यात आली.

नवसैनिक बराकीत पोहोचे, तेव्हा त्याने एड्सचे नाव बहुधा आधीच ऐकलेले असे. सैन्यातील शिक्षणापुढचा प्रश्न त्यानंतरचा होता. माहिती असलेला तरुण सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर बाहेर पडल्यावर त्या माहितीप्रमाणे वागेल, यासाठी काय करावे लागते?

शिक्षणाचा आशय

आजाराविषयीचे ज्ञान

नवसैनिकांना शिकविण्याच्या मूलभूत माहितीत पुढील बाबी येतात.

* एचआयव्ही हा विषाणू शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवर हल्ला करतो. उपचार न मिळाल्यास काही वर्षांनी एड्स ही अवस्था उद्भवते. मधल्या काळात बाधित व्यक्ती पूर्णपणे निरोगी दिसू शकते. म्हणून चेहरा, बांधा किंवा स्वच्छता पाहून जोडीदार ‘सुरक्षित’ असल्याचे ठरविता येत नाही.
* विषाणू असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुया आणि बाधित आईकडून बाळाला अशा मार्गांनी पसरतो. एकत्र जेवणे, एकाच बराकीत राहणे, हस्तांदोलन, डास चावणे किंवा एकच स्वच्छतागृह वापरणे यांमुळे तो पसरत नाही.
* संसर्गानंतरचे काही आठवडे चाचणीत दोष दिसून येत नाही. या काळाला ‘गवाक्ष काळ’ म्हणतात. त्यामुळे धोक्याच्या प्रसंगानंतर लगेच केलेली चाचणी निर्दोष आली, तरी ठरावीक काळाने ती पुन्हा करावी लागते.
* परमा, उपदंश आणि जननेंद्रियांवरील व्रण यांसारख्या आजारांमुळे एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. हे आजार लपवून न ठेवता त्यांवर लवकर उपचार घेणे हा प्रतिबंधाचाच भाग आहे.

कौशल्ये

माहितीच्या पुढचा भाग कौशल्यांचा असतो. कंडोमची मुदत पाहणे, वेष्टन न फाडता उघडणे, तो योग्य वेळी व योग्य रीतीने चढविणे आणि वापरानंतर काढून टाकणे या गोष्टी प्रतिकृतीवर प्रत्यक्ष करून शिकाव्या लागतात. तेलयुक्त पदार्थांमुळे लेटेक्सचा कंडोम फाटू शकतो, ही बाब व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकात अधिक पक्की होते.

दुसरे कौशल्य संवादाचे आहे. जोडीदाराशी कंडोमविषयी बोलणे, मित्रांच्या आग्रहाला नकार देणे आणि मद्यपानानंतर निर्णयक्षमता कमी होते हे ओळखून आधीच निश्चय करणे, यांचा सराव लहान गटांतील चर्चा आणि प्रसंगनाट्य यांद्वारे करून घेता येतो. नवसैनिक आपल्या पथकातील सोबत्यांबरोबर दिवसरात्र राहतो. त्यामुळे सगळे पथक एकत्र शिकले, तर ज्या मित्रमंडळीचा दबाव पूर्वी धोक्याकडे नेत होता, तीच मंडळी सावधगिरीचा आधार बनू शकते.

१९९३ची क्षेत्रचाचणी

उत्तर थायलंडमध्ये १९९३ साली भरती झालेल्या नवसैनिकांवर एचआयव्ही प्रतिबंध शिक्षणाची एक विस्तृत क्षेत्रचाचणी घेण्यात आली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे साथरोगतज्ज्ञ डेव्हिड सेलेंटानो आणि त्यांचे थाई व अमेरिकी सहकारी यांनी तिचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध केले.

रचना

चाचणीत सुमारे दीड हजार जवानांचा समावेश होता. त्यांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाला नियोजित शिक्षण मिळाले. दुसरा गट त्याच छावणीत, परंतु वेगळ्या बराकींमध्ये राहणाऱ्या जवानांचा होता. त्यांना हे शिक्षण थेट मिळाले नाही. पहिल्या गटाकडून ते त्यांच्यापर्यंत आपोआप झिरपते का, हे या गटामुळे तपासता येणार होते. तिसरा गट दूरच्या छावण्यांमधील जवानांचा होता आणि तो तुलनेसाठी ठेवलेला होता.

शिक्षणाचा भर चार गोष्टींवर होता: प्रत्येक वेळी कंडोमचा वापर, मद्यपान कमी करणे, कुंटणखान्यातील भेटी कमी करणे आणि लैंगिक संबंधांविषयी बोलण्याचे व कंडोम वापरण्याचे कौशल्य वाढविणे. परिणाम मोजण्यासाठी जवानांना प्रश्न विचारण्यात आलेच. शिवाय लैंगिक संसर्गजन्य आजार आणि एचआयव्ही यांचे नवे संसर्गही नोंदविण्यात आले.

निष्कर्ष

संभाव्य गोंधळ घडविणारे इतर घटक गणितात धरल्यानंतर शिक्षण मिळालेल्या गटात लैंगिक संसर्गजन्य आजारांचे नवे प्रमाण उरलेल्या दोन गटांच्या तुलनेत सुमारे सातपटीने कमी आढळले. एचआयव्हीच्या नव्या संसर्गातही सुमारे निम्म्याने घट दिसली. मात्र एचआयव्हीच्या नव्या संसर्गांची एकूण संख्या लहान असल्याने इतर लैंगिक आजारांविषयीचा निष्कर्ष अधिक भक्कम मानला जातो.

दुसऱ्या गटाचा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा होता. शेजारच्या बराकीत राहणाऱ्या जवानांना शेजाऱ्यांच्या शिक्षणाचा लाभ झाल्याचे आढळले नाही. एकच कवायतीचे मैदान वापरणाऱ्या तरुणांमध्येही हे ज्ञान आणि त्यामागची सवय आपोआप पसरली नाही. लष्करी प्रशिक्षणाच्या दृष्टीने याचा अर्थ असा होतो की, निवडक जवानांना किंवा एखाद्या तुकडीला शिकवून उरलेल्यांपर्यंत संदेश पोहोचेल असे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक पथकाला आणि दर सहा महिन्यांनी येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीला नव्याने शिकवावे लागते.

वर्तन आणि संसर्गातील बदल

उत्तर थायलंडमधील नवसैनिकांच्या पाच तुकड्यांचा १९९१ ते १९९५ या काळातील अभ्यास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे केनरॅड नेल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात २१ वर्षे वयाच्या ४,३११ तरुणांची माहिती होती. भरतीच्या वेळी त्यांनी सांगितलेल्या वर्तनातील बदल पुढीलप्रमाणे होते.

| बाब | १९९१ | १९९५ |
|---|---|---|
| मागील वर्षभरात देहविक्रय करणाऱ्या स्त्रीशी संबंध | ५७.१ टक्के | २३.८ टक्के |
| अशा शेवटच्या संबंधाच्या वेळी कंडोमचा वापर | ६१.० टक्के | ९२.६ टक्के |
| आयुष्यात कधीतरी लैंगिक संसर्गजन्य आजार | ४२.२ टक्के | १५.२ टक्के |

एचआयव्हीचे प्रमाण १९९१ आणि १९९३च्या तुकड्यांमध्ये १०.४ ते १२.५ टक्के होते. १९९५च्या तुकडीत ते ६.७ टक्क्यांवर आले. तरुणांनी सांगितलेले बदल खरे होते, याला रक्ततपासणीने दुजोरा दिला.

सेवाकाळातील नवसंसर्गाचे आकडेही याच दिशेने गेले. १९९१ ते १९९३ या काळात उत्तरेकडील जवानांमध्ये दर १०० व्यक्ति-वर्षांमागे २.४८ नवे एचआयव्ही संसर्ग होत होते; म्हणजे न बाधलेल्या १०० जवानांवर वर्षभर लक्ष ठेवल्यास त्यांपैकी दोन ते तीन जण बाधित होत. १९९३ ते १९९५ या काळात हा दर ०.५५ इतका खाली आला. इतर लैंगिक संसर्गजन्य आजारांच्या नव्या प्रमाणात सुमारे दहापट घट झाली.

देशपातळीवरही हाच कल दिसला. कुंटणखान्यांतील कंडोमचा वापर १९८९ मधील सुमारे १४ टक्क्यांवरून १९९३ मध्ये ९४ टक्क्यांवर गेला. देशभरातील नवसैनिकांमधील एचआयव्हीचे प्रमाण १९९३ नंतर उतरू लागले, दशक संपेपर्यंत ते शिखराच्या निम्म्याखाली गेले आणि त्यापुढच्या दशकात एक टक्क्याखाली आले.

मर्यादा आणि टीका

श्रेयाचा प्रश्न

या घसरणीचे श्रेय एकट्या सैन्यातील शिक्षणाला देता येत नाही. भरतीच्या दिवशीचे प्रमाण कमी होणे हे मुख्यतः देशव्यापी कंडोम कार्यक्रम, प्रसारमाध्यमांतील मोहीम आणि आजारपण व मृत्यू जवळून पाहिल्यामुळे समाजात निर्माण झालेली जाणीव यांचे फलित होते. सेवाकाळातील नवसंसर्ग कमी होण्यातही या घटकांचा वाटा होता, कारण जवान ज्या कुंटणखान्यांत जात तेथेही नियम लागू झालेला होता. म्हणूनच एकाच वेळी सेवेत असलेल्या गटांची तुलना करणाऱ्या १९९३च्या क्षेत्रचाचणीला विशेष महत्त्व आहे. सर्वांना लागू असलेल्या बदलांच्या पलीकडे शिक्षणाचा स्वतंत्र परिणाम होतो का, हे तिने तपासले.

स्वतः सांगितलेली माहिती

लैंगिक वर्तनाविषयीची उत्तरे पूर्णपणे विश्वसनीय नसतात. वरिष्ठांच्या अधिकाराखाली राहणारा नवसैनिक अपेक्षित उत्तर देण्याची शक्यता अधिक असते. मोहिमेमुळे ‘योग्य’ उत्तर सर्वांना ठाऊक झाले की हा धोका आणखी वाढतो. या कारणाने अशा कार्यक्रमांचे मूल्यमापन प्रश्नावलीवर न थांबता प्रयोगशाळेतील तपासणीने करावे, असे मानले जाते.

स्त्रियांवरील भार

शंभर टक्के कंडोम कार्यक्रमावर झालेली प्रमुख टीका अशी की, त्यात तपासणी आणि कारवाई यांचा भार देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर व त्यांच्या ठिकाणांवर अधिक पडला. त्यांचा व्यवसाय बेकायदेशीर असल्याने पोलिसांपुढे त्यांची बाजू दुबळी होती. पुरुषांना दिले जाणारे शिक्षण या दृष्टीने आवश्यक ठरते, कारण कंडोम वापरण्याची जबाबदारी ते ग्राहकाकडे, म्हणजेच तरुण पुरुषाकडे नेते.

निसटलेले संबंध

मोहिमेचा रोख कुंटणखान्यांवर असल्याने कंडोम म्हणजे देहविक्रयाशी जोडलेली वस्तू, असा समज दृढ झाला. प्रेयसी किंवा पत्नी यांच्याशी असलेल्या संबंधांत त्याचा वापर कमीच राहिला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस नव्या संसर्गांचा मोठा वाटा पतीकडून पत्नीला होणाऱ्या संसर्गाचा होता. नवसैनिक सेवा संपवून गावी परततो आणि बहुधा लवकरच विवाह करतो. त्यामुळे कायमच्या जोडीदाराबरोबरची सुरक्षितता आणि विवाहापूर्वीची स्वेच्छा चाचणी हे विषय अभ्यासक्रमात असणे गरजेचे ठरते. पुरुषांचे पुरुषांशी किंवा तृतीयपंथी व्यक्तींशी असलेले संबंध हा दुसरा निसटलेला भाग होता. उत्तरेकडील नवसैनिकांच्या अभ्यासांत अशा संबंधांची नोंद १९९०च्या दशकातच झाली होती. पुढील काळात थायलंडमधील नव्या संसर्गांत या गटाचा वाटा वाढत गेला.

सक्तीची तपासणी

सक्तीने भरती झालेल्या तरुणाची सरसकट तपासणी करणे हा नैतिक वादाचा विषय आहे. संमती, गोपनीयता आणि समुपदेशन यांशिवाय चाचणी करू नये, अशी संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाची भूमिका आहे. सैन्यात हुकूम आणि विनंती यांमधील अंतर पुसट असते. बाधित जवानाची माहिती बराकीत फुटल्यास त्याला उर्वरित सेवाकाळ त्याच सोबत्यांमध्ये काढावा लागतो. त्यामुळे बाधितांशी कसे वागावे, याचे शिक्षण संसर्ग टाळण्याच्या शिक्षणाइतकेच महत्त्वाचे असते. भीती दाखविणारे संदेश सुरुवातीला लक्ष वेधून घेत असले, तरी त्यांमुळे बाधितांविषयीचा तिरस्कार वाढतो आणि तरुण चाचणीपासून दूर राहतात.

नंतरचा काळ

१९९७च्या आर्थिक संकटानंतर थायलंडमध्ये एड्स कार्यक्रमाच्या खर्चाला कात्री लागली. २१व्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारी आरोग्ययोजनेतून विषाणूरोधक औषधे उपलब्ध झाली आणि एचआयव्ही हा औषधांनी आटोक्यात ठेवता येणारा दीर्घकालीन आजार बनला. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आईकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग जवळजवळ संपुष्टात आणल्याबद्दल थायलंडला मान्यता दिली. असा दर्जा मिळविणारा तो आशियातील पहिला देश होता.

थाई लष्कराच्या वैद्यकीय विभागाने एचआयव्ही लसीच्या संशोधनातही भाग घेतला. रयाँग आणि चोनबुरी प्रांतांतील १६ हजारांहून अधिक स्वयंसेवकांवर झालेल्या लसचाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये जाहीर झाले. त्यात सुमारे ३१ टक्के संरक्षण आढळले. हे प्रमाण सार्वजनिक वापरासाठी अपुरे होते. त्यामुळे वर्तन, कंडोम, चाचणी आणि औषधे यांवर आधारलेल्या प्रतिबंधाचे महत्त्व कायम राहिले.

उपचारांतील प्रगतीमुळे शिक्षणाच्या आशयात भर पडली आहे. नियमित औषधांमुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके कमी झाल्यास त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. संसर्गाचा अधिक धोका असलेल्या निरोगी व्यक्तीने आधीपासून औषध घेणे आणि धोक्याच्या प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत औषधोपचार सुरू करणे, हे प्रतिबंधाचे आणखी दोन मार्ग आहेत. दुसऱ्या बाबतीत उशीर झाल्यास उपयोग होत नाही. म्हणून ही माहिती तरुणांना आधीच असणे आवश्यक असते.

साथ ओसरल्यामुळे शिक्षणापुढे वेगळीच अडचण उभी राहिली. १९९३ मध्ये उत्तरेकडील गावातून आलेल्या नवसैनिकाने शेजारीपाजारी एड्सने झालेले मृत्यू पाहिलेले असत. त्यानंतरच्या पिढीने ते पाहिलेले नाहीत. जो धोका डोळ्यांसमोर नाही, त्याविषयी शिकविणे अधिक कठीण असते.

महत्त्व

१७ जुलै २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३०८ संमत केला. शांतिसैनिकांना एचआयव्ही प्रतिबंधाचे प्रशिक्षण आणि स्वेच्छेने व गोपनीय रीतीने चाचणी व समुपदेशन मिळावे, यासाठी सदस्य देशांना प्रोत्साहन देणारा हा ठराव होता. तरुण वय, घरापासूनचा दुरावा, हाती येणारे वेतन आणि सोबत्यांचा दबाव यांमुळे सैनिकांना लैंगिक संसर्गजन्य आजारांचा धोका अधिक असतो, ही बाब त्यापूर्वीच अनेक देशांच्या सैन्यांच्या अनुभवातून पुढे आली होती.

थायलंडच्या अनुभवातून या चर्चेला मोजलेला पुरावा मिळाला. अल्पशिक्षित, ग्रामीण आणि सक्तीने भरती झालेल्या तरुणांचेही वर्तन नियोजित शिक्षणाने बदलू शकते, हे त्यातून दिसले. त्याचबरोबर त्या शिक्षणाच्या अटीही स्पष्ट झाल्या. कंडोम सहज मिळाले पाहिजेत, बराकीबाहेरचे नियम शिक्षणाशी सुसंगत असले पाहिजेत, माहितीला सरावाची जोड हवी आणि शिकविलेल्या गटाकडून न शिकविलेल्या गटाकडे ते आपोआप जात नसल्याने प्रत्येक तुकडीपर्यंत ते प्रत्यक्ष पोहोचले पाहिजे. दोन वर्षांनी हे तरुण गणवेश उतरवून आपल्या गावी परततात. बराकीत शिकलेल्या गोष्टींचा उपयोग तेथून पुढे त्यांच्या जोडीदारांना आणि मुलांनाही होतो.

हे सुद्धा पहा

* एचआयव्ही
* एड्स
* लैंगिक संसर्गजन्य आजार
* कंडोम
* थायलंड
* सक्तीची लष्करी सेवा
* साथरोगशास्त्र